कोपराच्या उंचीची खिडकी

श्रेयांसला मुंगी दिसली की आमचं काम थांबायचं. चौकोनी पाइप कापून दहा मिनिटांत जोडून मोकळा होणारा मी माणूस, आणि हा माझा भागीदार मऊ कुंचा घेऊन पाइपाच्या तोंडाशी उकिडवा बसणार, आतल्या मुंग्या बाहेर यायची वाट बघणार, रेंगाळणाऱ्यांना फुंकर घालणार आणि मग म्हणणार, "हं, आता लाव." ऊन उतरलं की वेल्डिंग बंद. त्या उजेडावर किडे झेपावतात आणि जळून पडतात, हे मला वीस वर्षांत कधी दिसलं नव्हतं. त्याला पहिल्याच संध्याकाळी दिसलं. मी वैतागायचो. "सेठ, या चालीनं वर्षाला चार नग होतील आपले." तो हसायचा. "चार तर चार, पित्या."

पित्या म्हणजे मी. पितांबर. असोद्याचा. घरची केळी आहे, पण मातीत माझं मन कधी रमलं नाही म्हणून वेल्डिंगचा होल्डर हातात धरला आणि गावाच्या तोंडाशी पत्र्याची शेड टाकली. श्रेयांसचं जळगावला लोखंडाचं आणि हार्डवेअरचं दुकान, वडिलांपासूनचं. पाचवीपासून आम्ही एका बाकावर. त्याच्या डब्यातले खाकरे मी खायचो आणि माझ्या डब्यातल्या भरताकडे तो नुसता बघायचा, कारण त्यांच्यात वांगं चालत नाही. सगळं मार्केट मला पितांबरभाऊ म्हणतं, अगदी माझी बायको रूपाली चिडली की तीसुद्धा. पित्या म्हणणारा जगात हा एकच उरला होता.

आमचा धंदा काय होता ते सांगतो, कारण ऐकणाऱ्याला आधी हसू येतं. आम्ही लपणं बनवायचो. जंगलाच्या कडेला बसून पक्ष्यांचे, जनावरांचे फोटो काढणारे लोक असतात, त्यांना लपून बसायला खोपटं लागतं. ते त्याला हाइड म्हणतात. पाइपाचा सांगाडा, प्लायवूडच्या भिंती, वरून शेडनेट आणि त्यावर केळीचा वाळलेला पाला. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, कुणी पाल्याचा ढीग लावून ठेवलाय. आत माणूस, तिपाई, कॅमेरा, थर्मास.

हे सुचलं ते एका हौदामुळे. श्रेयांसचे वडील सुगनचंदजी गेले तेव्हा त्यांच्या नावानं काहीतरी करायचं ठरलं. त्याच्या आई, लाडकुंवर काकी, म्हणाल्या, नावाची पाटी नको, बाक नको, मुक्या जिवांना उन्हाळ्यात पाणी मिळेल असं करा. मग चोपड्याच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याला, दुकानाचे जुने गिऱ्हाईक तोताराम आबा यांच्या बांधाला जमिनीलगत हौद बांधला. एक बाजू उतरती ठेवली, पिल्लू पडलं तर चढून यावं म्हणून. ती काकींची सूचना. दर उन्हाळ्यात तिथे टँकर जायचा. चार वर्षांत जनावरं एवढी सरावली की दिवसाउजेडी यायला लागली. मोर, साळिंदर, रानडुकरं, आणि एक भेकर मादी. तिचा डावा कान फाटलेला होता. श्रेयांस तिला कानतुटी म्हणायचा आणि घरची लेक माहेरी आल्यासारखी तिची चौकशी करायचा.

तिथे धुळ्याचे एक दातांचे डॉक्टर फोटो काढायला आले, पियुष नावाचे. सहा फूट दोन इंच उंची. बाजारातून आणलेल्या तंबूत त्यांचे गुडघे हनुवटीला लागायचे. श्रेयांसला म्हणाले, माझ्या मापाचं काहीतरी करून देता का? श्रेयांसनं त्यांना खुर्चीवर बसवलं, मी टेप धरला. बसल्यावर डोळे किती उंच, हात किती लांब, भिंग किती पुढे येतं. शिंपी अंगरख्याचं माप घेतो तसं घेतलं. ते लपण जमलं, त्यांनी चारचौघांना सांगितलं, आणि आमचा धंदा सुरू झाला.

श्रेयांसचा एक नियम होता. दुकानात एक लाल वही. लपण घेणाऱ्यानं तिच्यात स्वतःच्या हातानं लिहायचं: यात बसून मी कोणत्याही जिवाला इजा करणार नाही. खाली सही. सही नाही तर लपण नाही. मी चेष्टा करायचो, "सेठ, वाघाकडून पण घे सही." पण खरं सांगतो, मला त्याचा अभिमान वाटायचा. आपल्या मालामागे असं काही आहे, हे मी रूपालीला आणि शेजाऱ्यांना दोनदोनदा ऐकवायचो.

गेल्या वर्षी मार्चमध्ये एक गृहस्थ आले. मध्यम वय, गोड बोलणं, पांढरे कपडे. नाव सांगितलं ते पुढे खोटं निघालं, म्हणून इथे लिहीत नाही. आधी ते माझ्या शेडवर आले, तयार असलेल्या एका सांगाड्यावरून त्यांनी बोट फिरवलं आणि म्हणाले, "हे जोड कुणाचे? तुमचे? असं काम मी मोठ्या शहरातही बघितलं नाही." वीस वर्षं मी ग्रिलं केली. लोक गज मोजतात, जोड कुणी बघत नाही. मी फुललो. ही लाज वाटायची गोष्ट आहे, पण फुललो.

मग त्यांनी माप दिलं. खिडकी खाली हवी. खुर्चीत बसल्यावर कोपर टेकवता आलं पाहिजे. रुंद नको, अरुंद आणि आडवी. उघडताना जरासुद्धा आवाज नको. खालच्या चौकटीला नमदा, लोकरीची मऊ पट्टी, लावा, जाड. आणि जाता जाता विचारलं, "हौदावर संध्याकाळी वारा कुठून असतो?"

मी खडूनं शेडच्या भिंतीवर लिहून घेतलं: कोपर, सव्वीस इंच. लिहिता लिहिताच मला कळलं.

फोटोवाल्याची खिडकी डोळ्याच्या उंचीला असते. त्याचा कॅमेरा तिपाईवर असतो, त्याला चौकट टेकायला लागत नाही, नमदा तर मुळीच लागत नाही. माझ्या मामांकडे शेतराखणीला परवान्याची ठासणीची बंदूक होती. डुकरांसाठी ते माळ्यावर बसायचे आणि मी त्यांच्या मांडीशी. माळ्याच्या कठड्याला त्यांनी गोणपाट गुंडाळलं होतं, नळी टेकताना आवाज होऊ नये म्हणून. तो कठडा बरोबर मामांच्या कोपराला यायचा. श्रेयांसनं आयुष्यात बंदूक बघितली ती लग्नाच्या वरातीत कुणी हवेत बार काढला तेव्हा, आणि तेव्हाही कानात बोटं घालून. त्याला हे माप वाचून काही कळणं शक्य नव्हतं. मला कळलं होतं. हे वाक्य मला कुठेतरी एकदा सरळ लिहायचं होतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं दुकानात बसलो. लाल वही उघडी होती, पेन माझ्या हातात होतं. गृहस्थ म्हणाले, "श्रेयांसभाई, त्या हौदाची गोष्ट ऐकली. या उन्हाळ्याचे सगळे टँकर माझ्याकडून. कितीही लागू द्या. मुक्या जिवांचा आशीर्वाद आहे." श्रेयांसच्या डोळ्यांत पाणी आलं. खरंखुरं, गालावर ओघळलं. त्यानं वही मिटली. मला म्हणाला, "पाणी पाजणाऱ्याकडून सही घ्यायची, पित्या? वडिलांना काय वाटेल?"

त्या माणसानं आमिष विकत घेतलं होतं, आणि माझा मित्र आनंदानं रडत होता. मी पेन खिशात ठेवलं.

मला विचाराल, बोललास का नाही? मी स्वतःला फार वेळा विचारलंय. कधी म्हणतो, खात्री नव्हती. खोटं आहे, होती. कधी म्हणतो, श्रेयांसचा आनंद मोडवेना. तेही अर्धंच. खरं कारण असं की मला ती खिडकी करून बघायची होती. आवाज न होणारी सरकती खिडकी मी कधी केली नव्हती. खाचेत नायलॉनच्या पट्ट्या बसवल्या, कडा घासून काढल्या, नमदा दुहेरी लावला. पन्नास वेळा उघडून बघितली. मग रूपालीला शेडमध्ये बोलावून घेतलं. "ऐक." ती म्हणाली, "काय ऐकू?" मी म्हणालो, "तेच. काहीच ऐकू येत नाही ना?" ती चहा उतू जाईल म्हणून परत गेली. मी मात्र दिवसभर खूश होतो.

लपण हौदापासून वाऱ्याच्या खालच्या अंगाला बसवलं, त्या गृहस्थांनी सांगितलं तिथेच. जनावराला माणसाचा वास जाणार नाही अशा जागी. उन्हाळाभर टँकर वेळेवर आले. श्रेयांस सगळ्यांना सांगत सुटला होता की असा माणूस लाखात एक.

मे महिन्याच्या शेवटी एका सकाळी तोताराम आबांचा फोन आला. श्रेयांसनं फोन मोठ्या आवाजावर ठेवला होता, मी शेजारी उभा होतो. "भाऊ, पटकन या. आठे हौदजोडे बठ्ठं रगत पडेल शे."

आम्ही गेलो. उतरत्या बाजूवर, जिथून पिल्लानं चढून यावं म्हणून उतार ठेवला होता, तिथे रक्त होतं आणि ओढत नेल्याची खूण होती. हौदातलं पाणी गुलाबी झालं होतं. लपणाच्या आत नमद्यावर तेलाचा डाग आणि खाली एक रिकामं काडतूस. श्रेयांस आत वाकला, बाहेर आला, मला म्हणाला, "हे काय आहे, पित्या?" मी सांगितलं, बंदुकीचं काडतूस. तो खाली बसला. वनखात्याची माणसं आली, पंचनामा झाला, पाण्याचा नमुना घेतला गेला. ते गेल्यावर श्रेयांसनं तांब्या मागून घेतला आणि तो हौद एकट्यानं उपसला. तोताराम आबा बादली घेऊन पुढे आले तर त्यांना हातानंच थांबवलं. तांब्यानं हौद उपसायला अडीच तास लागले. मी बांधावर बसून होतो. त्या दिवसानंतर कानतुटी कुणालाच दिसली नाही.

दुसऱ्या दिवशी वनखात्याचे लोक माझ्या शेडवर येणार होते. ते यायच्या आधी मी ओलं फडकं घेतलं आणि भिंतीवरचं "कोपर, सव्वीस इंच" पुसून टाकलं. माझी भिंत वर्षानुवर्षांच्या धुरानं काळी आहे. पुसलं तिथे वीतभर स्वच्छ चौकोन पडला. तो आजही आहे. मी त्यावर काजळी फासून बघितली, ती बसत नाही.

जबाबात मी म्हणालो, "साहेब, मी वेल्डिंगवाला माणूस. सेठनी माप कबूल केलं, मी करून दिलं." साहेबांनी श्रेयांसकडे बघितलं. मला वाटलं, तो आता म्हणेल की माप पितांबरनं घेतलं. तो म्हणाला, "बरोबर आहे. गिऱ्हाईक मी ठेवलं. सही मीच घेतली नाही." साहेब भले होते, त्याला पाणी दिलं. पण कागदावर नाव त्याचं चढलं. त्या माणसाचा फोन बंद, गाडीचा नंबर खोटा. त्यानंतर दर पंधरा दिवसांनी श्रेयांसला चोपड्याच्या कार्यालयात बोलावणं यायचं. तो दुकान बंद करून, बस पकडून जायचा. एकदाही कुरकुर नाही. लपणांची पाटी त्यानं उतरवली आणि लाल वही कपाटात ठेवून कुलूप लावलं.

मग जैनांचं पर्युषण आलं. श्रेयांसनं अठ्ठाई धरली, म्हणजे आठ दिवस निव्वळ उपास. फक्त उकळून गार केलेलं पाणी, तेही सूर्यास्तापर्यंत. हा माणूस असा की सकाळचा चहा अर्धा तास लांबला तर कपाळाला बाम लावून बसतो. त्याच्या घरात अठ्ठाई त्याच्या आजीनं केली होती, त्यानंतर कुणी नाही.

तिसऱ्या दिवशी मी स्थानकात, त्यांच्या प्रार्थनेच्या जागी गेलो. तो भिंतीला टेकून बसला होता, ओठ पांढरे पडलेले. मला बघून हसला आणि हलक्या आवाजात विचारलं, "जेवलास का?" मी जेवलो होतो. शेवभाजी, चार भाकरी. दुपारची वेळ चुकली तर मी घरात आदळआपट करणारा माणूस आहे. त्या दिवशी मला माझ्या पोटाचा राग आला.

पाचव्या दिवशी त्याच्या घरी गेलो तर लाडकुंवर काकी दारातच भेटल्या. म्हणाल्या, "बेटा, तू समजाव त्याला. रात्रंदिवस एकच म्हणतो, मला दिसायला हवं होतं. अरे, खिळे-स्क्रू विकणाऱ्या पोराला बंदुकीतलं काय दिसणार? सांग तूच." मी मान हलवली. त्यांना वाटलं, मी त्यांच्याशी सहमत आहे. मी जिना न चढता परत आलो.

सातव्या दिवशी पुन्हा गेलो. मनाशी ठरवून गेलो होतो की आज सांगायचं. स्थानकाच्या दाराशी चपलांचा ढीग होता, त्यात त्याच्या चपला ओळखल्या, कारण टाच मीच शिवून आणली होती. तिथे थोडा वेळ उभा राहिलो आणि घरी आलो. भित्रा माणूस बहाणे शोधतो. मला तर बहाणाही सापडला नव्हता, तरी परत आलो.

संवत्सरीच्या दुसऱ्या सकाळी त्याचं पारणं होतं. अठ्ठाईवाल्याचा उपास सोडवायला घरची, जवळची माणसं येतात आणि प्रत्येक जण त्याला चमचाभर मुगाचं पाणी पाजतो. हॉलमध्ये पंधरावीस माणसं होती. श्रेयांस पाटावर बसला होता. गळ्याची हाडं दिसत होती, चेहरा मात्र शांत होता. काकींनी वाटी घेतली, आणि त्यांचा मान असताना ती माझ्या हातात दिली. म्हणाल्या, "पहिला चमचा पितांबरचा. दोघं एका बाकावर बसायचे."

मी त्याच्यासमोर खाली बसलो. चमचा भरला. तेवढ्यात त्यानं हात जोडले. संवत्सरीला सगळे एकमेकांची क्षमा मागतात, तसं तो सगळ्यांशी करत होता, पण माझ्याशी तो ठरलेल्या शब्दांपलीकडे बोलला. "पित्या, तुझ्या हाताला इतकी वर्षं डाग नव्हता. माझ्या आंधळेपणामुळे तुझ्या हातून ते काम झालं. तुझ्या हाताला पाप मी लावलं. मिच्छामि दुक्कडम्."

चमचा कलला आणि मुगाचं पाणी पाटावर सांडलं. काकी म्हणाल्या, "हळू, बेटा."

"मला माहीत होतं," मी म्हणालो.

कुणाला काही समजलं नाही. श्रेयांसलाही नाही. मी पुन्हा म्हणालो, आणि या वेळी थांबलो नाही. "ती खिडकी बंदुकीची होती. कोपराच्या उंचीची. माप मी घेतलं तेव्हाच मला कळलं होतं. मामांकडे बघितलेलं होतं मी. तुला कळणं शक्यच नव्हतं. भिंतीवरचं माप मी पुसलं. जबाब खोटा दिला. तुझे हे आठ दिवस माझे होते, सेठ."

 काकींनी पदर तोंडाशी धरला होता. श्रेयांस माझ्याकडे बघत राहिला. रागावला असता तर बरं झालं असतं. वाटी उडवून दिली असती, ऊठ म्हणाला असता, तरी चाललं असतं. तो काहीतरी आठवत होता, आणि काय ते मला कळलं.

"टँकरचं बोलणं झालं तेव्हा?" त्यानं विचारलं. "मी रडलो तेव्हा तुला माहीत होतं?"

"हो."

त्यानं डोळे मिटले. जोडलेले हात सुटले नाहीत, तसेच होते. मग पुढे झाला आणि तोंड उघडलं. मी चमचा पुन्हा भरला आणि पाजला. आठ दिवसांच्या कोरड्या घशातून तो घोट उतरताना मी बघितला. माझ्या हातून त्यानं उपास सोडला. त्याच्या धर्मानं त्याला सांगितलं होतं क्षमा करायची, आणि त्यानं ती केली, सगळ्यांदेखत, पूर्ण. मी वाटी खाली ठेवली.

"उद्या चोपड्याला जातो," मी म्हणालो. "खरा जबाब लिहून देतो. तुझं नाव काढायला लावतो."

"द्या, पितांबरभाऊ," तो म्हणाला. "पण आधी जेवून घ्या."